जिच्या घरात कुणी पडलं नाही

किबुंदा, ४ जून

दादा,

लेओनारकाका उद्या सायकल घेऊन हद्दीकडे निघणार आहेत. लिहायचं असेल तर आजच लिही, कोंबडा आरवायच्या आत मी गेलेलो असेन, असं म्हणाले. म्हणून लिहिते. अक्षर वाईट आहे. सहावीनंतर वही हातात धरली नाही. हिऱ्याच्या खाणीवर कुणाला वाचून दाखवायला सांगू नकोस, तूच वाच.

तू निरोप पाठवलास, ओदेतला विचारा पाय कसे आहेत. पाय तसेच आहेत. चवड्यांवरच चालते, गुडघ्याला गुडघा घासतो. तू कोरून दिलेली काठी छान आहे, फक्त खालून झिजली होती. लेओनारकाकांनी तिला टायरचा तुकडा ठोकून दिला. आता काठी घसरत नाही, मीच घसरते. हे आईचं वाक्य आहे, माझं नाही.

आई म्हणते, देवाने मला दोन पोरं दिली, एक नुसतं बोलतं आणि एक नुसतं लिहितं. तू गेल्यापासून घरात बोलणारं कुणी नाही. ती भांड्यांशी बोलते.

दुसरं तू विचारलंस, आत्या आपल्या अंगणात येते का. नाही येत. तू राखेची रेघ ओढून गेलास ती कधीच उडून गेली. पण आत्या तिथवर आली की थबकते आणि वळते, रेघ अजून तिथेच असल्यासारखी. पाण्याला जाताना प्रार्थनाघराच्या मागून लांबचा फेरा घालते. तिची दोन्ही नातवंडं मात्र धावत येतात. त्यांचे पाय चांगले आहेत. आई त्यांना हाकलते आणि मग त्यांच्या पायांकडे बघत बसते.

तुझा दोस्त कापिता सगळ्यांना सांगत फिरतो की तू शिकारीसाठी गवत पेटवायला येणार आणि एक काडी जास्तीची आणणार. ती काडी कुठे लागणार ते तो सांगत नाही, पण पोरांचे पाय गेले तेव्हा चेटूक कुणाचं यावर भगत बोलला ते सगळ्यांना पाठ आहे. मलाही आहे. "प्रत्येक घरात पोर पडलं. ज्या घरात कुणी पडलं नाही, त्या घरात बघा."

दादा, काडीचं खरं आहे का? तू रागात बोललास आणि कापिताने तिखटमीठ लावलं, असं मी समजते.

तुझी,
ओदेत


किबुंदा, २१ जून

दादा,

मागच्या आठवड्यात आई मला दवाखान्यात घेऊन गेली. बिबियानकाकू आणि तिचा पिंदीही होते. नवीन सिस्टर आल्यात, जाड्या आहेत, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. पिंदीला म्हणाल्या, "ये रे नाचऱ्या," तर बिबियानकाकूला राग आला. मग सिस्टर म्हणाल्या, "बाई, मी रडले तर त्याचे पाय सरळ होणार आहेत का? होत असतील तर सांग, आत्ता बसते रडायला." काकू हसली. मीही हसले, तोंडावर हात ठेवून.

त्यांच्याकडे रबराची छोटी हातोडी आहे. गुडघ्याखाली मारली तर माझा पाय एवढा उडाला की त्यांचा चष्मा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "माफी मागू नकोस, तू नाही मारलीस लाथ. तुझ्या डोक्याला विचारलंच नाही कुणी." मग त्यांनी माझं पाऊल तळव्याकडून वर दाबलं, तर ते थरथरायला लागलं आणि थांबेचना. ढोलकीवर बोटं नाचवतात ना, तसं. तू पाहिलं आहेस. उचलून धरलं तेव्हा थांबलं.

मी विचारणार नव्हते, पण त्यांनीच सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघरातून एक कच्चा कसाव्याचा कंद आणला आणि मोडला. "मधोमध हा दोरा दिसतो ना? तुझ्या पाठीच्या कण्यात असाच एक जाड दोरा आहे. डोक्यातून निघतो. डोकं पायांना सांगतं ते त्यातून जातं." मग म्हणाल्या, हातोडी बसली की पाय उडतो, ते पाठीतल्या पाठीत होतं, तेवढ्यासाठी डोक्यापर्यंत जावं लागत नाही. डोकं वरून आवरून धरतं. पुरे, एवढं नको, हळू, असं सारखं सांगत असतं. आपल्याला कळतही नाही. माझ्या डोक्यातून पायांकडे येणाऱ्या नसा जळल्यात. म्हणून पाय लुळे नाहीत, उलट फार ताठ आहेत. त्यांना जोर आहे, पण आवरणारं कुणी नाही.

मी रस्ताभर तेच घोळवत होते. माझ्या जिभेला डोकं फार आवरतं. मास्तरांनी उभं केलं की उत्तर घशापर्यंत यायचं आणि परत जायचं. आणि पायांना आता अजिबात आवरत नाही. निम्मं इकडचं तिकडे देता आलं असतं तर बरं झालं असतं.

सिस्टर म्हणाल्या, जळलेलं परत येत नाही. पण वाढतही नाही. डोक्याचा विचार करायचा भाग शाबूत आहे, असं म्हणून टपली मारली. आणि हे कशाने होतं तर कडू कंदातल्या विषाने. पाण्यात नीट भिजला नाही तर विष राहतं. सोबत मासा, शेंगा काही खायला नसलं की अंग ते बाहेर काढू शकत नाही. नेमके पायच का, हे पुरतं कुणालाच ठाऊक नाही, पण पायांची वाट सगळ्यात लांबची, म्हणून असेल. आणि असलं पीठ पुन्हा खाल्लं तर पुन्हा झटका येऊ शकतो. दुसऱ्यांदा आला तर काठीही पुरत नाही.

मग त्यांनी आईला विचारलं, "तुमच्याकडे कंद किती रात्री पाण्यात असतात?"

आई म्हणाली, "तीन. आपल्याकडे तीनच. आज्या-पणज्यांपासून."

बिबियानकाकू म्हणाली, "तीन. कधी चारही."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी काठीच्या टायरकडे बघत होते.

परत येताना नदीपाशी काकू म्हणाली, "शहरातल्या बायका. विषाचं कौतुक. आपण काय आज खातोय का कसावा?" आई म्हणाली, "तेच की."

माझं ते सांगून झालं. तू माशांचं विचारलंस, तर मासे नाहीत. खायच्या अळ्यांचा हंगाम अजून आला नाही. कसाव्याच्या पिठाचा लुकू आहे, पाला आहे.

ओदेत


किबुंदा, ९ जुलै

दादा,

लेओनारकाकांनी तुझा निरोप दिला. "तिला सांग, दवाखान्याच्या गोष्टी पुरे. गवत वाळतंय का ते कळव. आणि ती म्हातारी पळून तर गेली नाही ना, ते कळव." असंच म्हणालास का? काका बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. नंतर म्हणाले, "पोरी, मी फक्त सायकल आहे. माझ्यावर रागावू नको."

गवत वाळतंय.

आत्या पळून गेलेली नाही. मी तिला भेटले. रागावलास तर रागाव. ओढ्यावर सकाळी सगळ्या बायका येऊन गेल्या की मी जाते, कारण मग माझं चालणं कुणी बघत नाही. तीही त्याच वेळी येते, कारण मग तिच्या वाटेतून कुणी बाजूला होत नाही. आम्ही किती तरी दिवस समोरासमोर बसून तोंड धूत होतो आणि एकमेकींना दिसत नव्हतो.

त्या दिवशी मी घसरले. ती उठली आणि मग तशीच उभी राहिली, हात पुढे करून. म्हणाली, "धरू का? नंतर तुझा भाऊ म्हणेल हातातूनच केलं."

मी मान हलवली. तिने धरलं. तिचे हात बाबांसारखे आहेत, अंगठा तसाच वाकडा.

ओढ्यातल्या तिच्या भिजवायच्या खड्ड्यात कंद होते, वर पालापाचोळा आणि दगड. आंबूस वास येत होता. मी कंदांकडे बघतेय हे तिने पाहिलं. म्हणाली, "हसायच्या ना गेल्या वर्षी सगळ्याजणी? ट्रक भोंगा वाजवतोय आणि माफुता अजून पाण्यात बोटं घालून बसलीय. माफुताला किन्शासा नको, माफुताला चिखल हवा." ती हसली. "मी हळू आहे गं. आधीपासून. तुझे बाबा मला गोगलगाय म्हणायचे."

मग ती म्हणाली, "आग लावायला येतोय ना तो?"

मी मान खाली घातली. तू मला ओळखतोस.

"येऊ दे. मी घराभोवतीचं गवत कापून ठेवलंय, दहा पावलं. शेजारच्यांना लागायला नको. बिबियानचं छप्पर फार खाली आहे." असं सांगत होती जसं काही कोंबड्या कुठे कोंडायच्या ते सांगतेय. "नातवंडांना मामाकडे धाडीन त्या दिवशी. मी कुठे जाऊ? माझं चालणंही गोगलगाईचंच."

दादा, तिला माहीत आहे. तिने गवत कापून ठेवलंय. मी घरी आले तर मला जेवण गेलं नाही. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं पोट. आई लगेच घाबरली आणि माझ्या पिंढऱ्या दाबून बघायला लागली. हल्ली मी काहीही म्हटलं की ती पिंढऱ्या दाबते.

गेल्या वर्षी किन्शासाला जाणाऱ्या ट्रकसाठी प्रत्येक घराने कंद पाण्यातून लवकर काढले. आत्याने काढले नाहीत. प्रत्येक घरात पोर पडलं. तिच्या घरात पडलं नाही. हे एवढंच आहे. भगत खोटं नाही बोलला. त्या घरात बघा म्हणाला, आपण बघितलंच नाही.

ओदेत


किबुंदा, २८ जुलै

दादा,

तुझा निरोप एवढाच आला की "मग काढले कुणी?"

आपल्या घरचे विचारतोयस ना. सांगते. मी काढले.

गेल्या वर्षी कंद मीच एका रात्रीत काढायचे. कंटाळा यायचा सारखं ओढ्यावर जायचा. छपरावर पसरून टाकायचे. आईला सांगायचे, झाले भिजून. चांगले ट्रकसाठी पोत्यात जायचे आणि उरलेल्या तुकड्यांचं पीठ आपण खायचो, ते मीच जास्त खाल्लं, कारण मला भूक फार. म्हणजे माझं मीच केलं. आत्याचा काही संबंध नाही, तुझा नाही, कुणाचाच नाही.

आता झालं ना? आता गवत नुसतं गवत म्हणून पेटव आणि हरणं, उंदीर जे मिळेल ते मार आणि घरी ये. आई तुझ्यासाठी चटई विणतेय.

दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. मला लाज वाटते.

ओदेत


किबुंदा, १७ ऑगस्ट

दादा,

लेओनारकाका म्हणाले, तू पत्र वाचलंस आणि नदीत उतरून गेलास आणि संध्याकाळपर्यंत वाळू उपसत राहिलास, जेवायलाही आला नाहीस. मग येऊन म्हणालास, "तिला सांगा, तेव्हा तिची शाळा होती. ती ओढ्यावर नव्हती. मला आठवतं."

हो. शाळा होती. मी खोटं लिहिलं. मला वाटलं तू विसरला असशील.

मग आता दोघांनाही आठवतं. तू ट्रकच्या पायरीवर उभा राहायचास, अंगात तो पिवळा बनियन, आणि ओरडायचास, "जागा थोडी आहे, चला, आज जाईल ते जाईल." बायका तुला मोठा साहेब असल्यासारखं शेफ म्हणायच्या. तू ओढ्यात उतरून स्वतः कंद काढायचास, आपले, बिबियानकाकूचे, सगळ्यांचे. कुणी म्हटलं अजून कडक आहेत, तर तू दाताने तोडून दाखवायचास आणि थुंकायचास. "फुगलेत. वास आलाय. पुरे." मी शाळेतून यायचे तेव्हा सगळ्या छपरांवर पांढरं पांढरं वाळत असायचं आणि मला ते आवडायचं. तू आईला साबण आणि लुगडं आणलंस. मला वही आणलीस. मी त्याच वहीची पानं फाडून तुला लिहितेय.

हे मला दवाखान्यात हातोडी बसली त्या दिवशीच कळलं होतं. लिहायचं नव्हतं. तुला कळू नये असं वाटायचं. पण मी तुझ्यापासून लपवतेय म्हणून आत्याला गवत कापावं लागतंय, दहा पावलं. हे मला दोन्ही बाजूंनी आवरता येईना.

दादा, ऐक. तू चेटूक केलं नाहीस. आत्यानेही नाही. कुणीच नाही. सगळ्यांनाच ट्रक हवा होता. पाऊस नीट झाला नव्हता, गोड कसावा जळून गेला होता, कडूच उरला होता. तुला ठाऊक नव्हतं. आईलाही नव्हतं. मला ठाऊक असतं तरी मी बोलले नसते, कारण मी बोलतच नाही.

पण आता आहे. आणि मंगळवारी पुन्हा ट्रक आला.

भोंगा ऐकला तेव्हा मी ओढ्यावरच होते. आदल्या दिवशी टाकलेले कंद होते, सगळ्यांचे, एका ओळीत खड्डे. मला वाटलं आता बायका येतील तेव्हा सांगायचं. सिस्टरनी सांगितलेलं सगळं मनात जुळवलं. त्या पाट्या घेऊन धावत आल्या आणि घशात सगळं होतं तसं परत गेलं. मग मी आपल्या खड्ड्यात जाऊन बसले. कंदांवर. पाण्यात, कमरेपर्यंत.

बिबियानकाकू म्हणाली, "अगं बाई, पडली का ही?"

मी मान हलवली. नाही.

"मग ऊठ की. ट्रक उभाय."

मी बसून राहिले. माझा एक हात शेजारच्या तिच्या खड्ड्यावर ठेवला.

"हे काय नवीन? ओदेत, तुझ्या बुडाखाली माझं मीठ आणि साबण आहे, ऊठ."

सगळ्या हसल्या. कुणी तरी म्हणालं, शेफची बहीण, आता ही नवीन शेफ. आई मागून आली. "ओदेत, लोक बघतायत." ते मला दिसतच होतं. माझे कान जळत होते. आणि पाणी गार होतं, त्याने पाऊल थरथरायला लागलं. थांबेना. माझ्याभोवतीचं सगळं पाणी हलायला लागलं, बारीक बारीक लाटा. एक पोरगी म्हणाली, "बघा, हिच्या गळाला मासा लागला." कुणी हसलं, आणि मग हळूहळू हसायच्या थांबल्या, कारण पाणी थांबत नव्हतं.

आई त्या पाण्याकडे बघत होती. मग तिने पाटी खाली ठेवली. म्हणाली, "सिस्टरना मी तीन रात्री सांगितलं. एकच होती. गेल्या वर्षी एकच होती."

बिबियानकाकू म्हणाली, "गप गं." पण हळू. मग तिने पिंदीचं नाव घेतलं आणि तिथेच काठावर बसली.

आत्या पलीकडे होती, तिच्या वेळेच्या आधीच आलेली, झाडाआड. आईने तिला पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा तोंडावर हाक मारली. "वन्सं, तुम्ही किती रात्री ठेवता?"

आत्या म्हणाली, "मला मोजता येत नाही गं. मी दाबून बघते. मधला दोरा आपसूक सुटून हातात आला की काढते."

सगळ्यांनी ऐकलं नाही. चारजणींनी कंद काढलेच आणि ट्रककडे पळाल्या. त्यातल्या दोघी आत्याच्या बाजूने जाताना थुंकल्या. कापिता अजून काडीचंच बोलतो. आईने सांगितलं तर म्हणाला, "काकू, तुमच्यावरही चेटूक टाकलंय तिने." म्हणजे आमच्या सांगण्याने तो ऐकणार नाही. त्या पोरांना तू उठवलंस, तुझंच ऐकतील.

गवत पुढच्या महिन्यात पेटेल. पाटलांनी दिवस ठरवलाय. तुला निरोप मिळालाच असेल.

मला तुझा राग येतो का असं विचारू नकोस. कधी येतो, जास्त करून चढावर. मग उतार येतो.

ओदेत


किबुंदा, १४ सप्टेंबर

दादा,

तू आलास आणि गेलास. म्हणून पुन्हा पत्रच.

मी वारुळामागे उभी होते. तुला वाटलं असेल मी नंतर आले, पण मी आधीपासून होते. पलीकडे गवत पेटलेलं, धूर, पोरं कुत्री घेऊन ओरडत होती. आत्या दारात बसली होती, हात मांडीवर, नातवंडं नव्हती. अंगणभर कापलेलं गवत. मला वाटलं, धूर इथवर आला तरी तू आला नाहीस, म्हणजे आता येणारच नाहीस. मग तू वाटेवर दिसलास. किती बारीक झालायस.

कापिता आणि त्याचे ते तिघे सोबती तुझ्यामागून आले. कापिता म्हणाला, "शेफ, काडी आणलीस ना?"

तू म्हणालास, "आणली."

खिशातून पेटी काढलीस. तेवढ्यात माझे दोन्ही पाय असे ताठ झाले की मला एक पाऊल टाकता येईना, आणि ओरडायचं होतं तर तेही येईना. दादा, त्या वेळी मी तुझ्याबद्दल जे मनात आणलं ते लिहीत नाही.

तू पेटी आत्याच्या हातात दिलीस. म्हणालास, "आत्या, चूल पेटव. भूक लागलीय."

आत्याने पेटीकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "पाला कालचा आहे."

"चालेल."

"लुकू हळू होईल. मी हळू आहे."

"बसतो."

आणि तू उंबऱ्यावर बसलास. कापिता म्हणाला, "डोकं फिरलं का तुझं? तिच्या हातचं खाणार?" तू म्हणालास, "तूही बस. नाही तर जा." त्यानंतर तू काही बोलला नाहीस. कधी एवढा गप्प बसलेला तुला मी पाहिलं नव्हतं. तू पिशवीतून सुके मासे काढून तिच्या चुलीशी ठेवलेस. ते तिघे उभे राहिले, उभे राहिले, मग शिकारीचं निमित्त करून गेले. कापिता शेवटपर्यंत थांबला. तू पहिला घास घेतलास तेव्हा तो असा बघत होता की आता तू कोसळणार. तू दुसरा घेतलास. मग सगळ्या गल्लीने बघितलं, बिबियानकाकू तर कुंपणावर वाकून. तू पातेलं पुसून खाल्लंस.

तेव्हा मी वारुळामागून निघाले. तू मला बघितलंस. आधी तोंडाकडे बघितलंस, मग पायांकडे. मी मुद्दाम नीट चालायचा प्रयत्न करत होते, म्हणून आणखीच वाईट चालत होते. तू उठलास, हात धुतलेस, आणि धुराच्या बाजूने निघून गेलास. आई घरी चटई अंथरून बसली होती.

आईने तुला शिव्या दिल्या, रात्री जेवेपर्यंत. मग तिने चटई गुंडाळली, पण आढ्याला टांगली नाही, दारामागेच ठेवली.

आज सकाळी आत्या आली. निम्मे मासे पानात बांधून आणले होते. राखेच्या रेघेपाशी थांबली. मी अंगणात होते, आईही होती, आम्ही दोघीही बघत होतो. ती म्हणाली, "एवढे मासे मला कशाला," आणि आत आली. बस, तेवढंच. आई म्हणाली, "वन्सं, बसा." दोघी बसल्या आणि किन्शासाच्या साबणाला आता पूर्वीसारखा फेस येत नाही, यावर बोलल्या.

मासे चांगले आहेत. काटे फार.

तुला एक सांगायचं राहिलं. पाऊल थरथरायला लागलं ना, की ते माझं मला थांबवता येत नाही. काठीने नाही, दाबून नाही. डोक्याचा निरोप तिथवर पोचतच नाही. पण दुसऱ्या कुणी टाचेखाली हात घालून जमिनीवरून उचलून धरलं की थांबतं. फार जोर लागत नाही. सिस्टरना जमलं, आईला जमतं, आणि आज आत्यालाही जमलं.

तू ये. मी शिकवेन.

ओदेत